जुई ठेवलंय म्हणे!

"अगं, ऐकलंस का? कोपऱ्यावरच्या घरी बारसं झालं काल. नातीचं नाव जुई ठेवलंय."

"हो काकू, घुगऱ्या आल्या आमच्याकडे. गोड आहे नाव."

"गोड आहेच गं. पण आत्याबाईंचं तोंड बघायला हवं होतंस! त्यांच्या मनात होतं सायली. कानात कुर्रर्र करायचा मान त्यांचा, आणि आईनं 'जुई' अक्षरं कापून आधीच पाळण्यामागं चिकटवलेली!"

"मग आत्याबाईंना म्हणावं टीव्ही लावा. 'ठरलं तर मग'मध्ये सायलीचं काम जुई गडकरीच करते. दोघींचं समाधान!"

"पण मी म्हणते, नाव ठेवणाऱ्यांनी फूल तरी बघितलंय का? परवा ती आई माझ्या जाईच्या वेलापाशी उभी राहून म्हणते, 'काकू, हीच ना जुई?' म्हटलं, बाई गं, जाईचं फूल मोठं, कळीला बाहेरून गुलाबी झाक. जुई एवढीशी, पांढरीशुभ्र, संध्याकाळी उमलणारी. वास मात्र थेट तुमच्या ओट्यापर्यंत!"

"पूर्वी नव्हतं ना इतकं हे नाव?"

"फूल होतं, नाव कमी. संस्कृतातली यूथिका ती. बंगालात तिचीच जूथिका. त्या जूथिका रॉय भजनं म्हणायच्या, आमच्या अण्णांकडे तबकड्या होत्या त्यांच्या. हिंदीत झाली जुही. जुही चावला १९८४ ला मिस इंडिया झाली, १९८८ ला तो 'कयामत से कयामत तक' आला, आणि माझ्या नणंदेनं मुलीचं नाव जुही ठेवलं. आम्ही म्हटलं, अगं आपल्यात जुई म्हणतात. ऐकते कशाला!"

"मला एक कळत नाही काकू. जाई, जुई, सायली, अबोली आहेत. मग मोगरा का नाही कुणी? वास काय कमी आहे?"

"तो मोगरा ना! 'ती' असेल ते फूल मुलीच्या नावाला चालतं. 'तो' असेल त्याला आधी बाई करून घ्यायचं. चाफ्याची चंपा, प्राजक्ताची प्राजक्ता, निशिगंधाची निशिगंधा. मोगऱ्याचं नि झेंडूचं काही जमलं नाही, राहिले बिचारे हारात. एक गुलाब तेवढा आहे तसा गुलाबबाई झाला."

"आणि आजोबा का फुगले होते म्हणे?"

"त्यांचं वेगळंच! म्हणाले, मनुस्मृतीत सांगितलंय, झाडाचं, नदीचं, नक्षत्राचं नाव असलेली मुलगी करून घेऊ नये."

"ती मनुस्मृती बाबासाहेबांनी महाडला १९२७ सालीच जाळली, सांगायचं ना!"

"सांगितलं सुनेनं, घुगऱ्या वाढता वाढता. आणि तसंही नावांपुरतं मनूचं ऐकलंय कुणी? रोहिणी, रेवती, गोदावरी, यमुना घरोघर होत्याच. लग्नात मात्र नावं बदलायची. टिळकांच्या पत्नी माहेरच्या तापी, सासरी सत्यभामा. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. कर्व्यांच्या आनंदीबाई, बाया म्हणायचे ना त्यांना, त्या आधी गोदू."

"म्हणजे सगळ्या नद्या माहेरीच आटल्या की!"

"फुलंही गं. मी माहेरची शेवंता. यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं सुनीता. तेव्हा सुनीता म्हणजे फॅशन होती, शेवंता गावंढळ. राग नाही आला मला, पण आईनं अंगणातली शेवंती बघून ठेवलं होतं गं ते नाव. आता भाऊ तेवढे शेवंताक्का म्हणतात."

"जुईचं कुणी बदलणार नाही हो."

"छे! आधार, पॅन, पासपोर्ट, कोण बदलत बसतंय? तेवढी सोय झाली बघ. पण मी सांगते, हिच्या वर्गात दोन तरी जुई निघणार. आमच्या वेळी कमल, मालती, कुंदा हाकेला धावून यायच्या, मग त्या म्हाताऱ्या झाल्या नि नावं बाजूला पडली. जुई आजी झाली की तिची नात म्हणेल, काय बाई जुनाट नाव!"

"तेव्हा शेवंता परत येईल बघा."

"येऊ दे की! पण एक सांग, मुलगा झाला असता तर ठेवलं असतं का त्यांनी फुलाचं नाव?"

"पुरुषांत कुठं असतात फुलांची नावं?"

"असतात तर! पंकज, राजीव, अरविंद, नीरज, सगळे कमळच. फक्त त्यांना कुणी सांगत नाही. तुझ्या ह्यांचं नाव काय गं?"

"...अरविंद."

"बघ! आता आत जा नि कमळाला चहा दे, केव्हाचे हाका मारतायत."