गणित: तासाला बसावे की पुस्तक घेऊन घरी?
भोर-वेल्ह्याच्या नवशिक्यांसाठी

प्रथम एसटीचा पास काढावा. वेल्ह्याहून (कागदोपत्री आता राजगड तालुका, गाडीत अजून वेल्हेच) भोरच्या कॉलेजात यायचे तर चेलाडी फाट्याला उतरून दुसरी गाडी धरावी. ती वेळेवर आली तर पहिला तास मिळतो. नाही आली, तर फाट्यावर चहा घेता घेता ‘पुस्तकात सगळं असतंच की’ हा विचार सुचतो. बहुतेकांच्या स्वाध्यायाची सुरुवात अशीच होते.

जुलैत हा विचार जास्तच पटतो. घरी भाताची लावणी चाललेली आणि वर्गात नेमकी सीमेची व्याख्या: प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा. आठवडाभर चिखलात राबून परतणाऱ्याला हा डेल्टा पुढे वर्षभर सापडत नाही.

घरी बसणाऱ्याने रामानुजन यांचा दाखला तयार ठेवावा. कार या लेखकाचे गणिताचे पुस्तक घेऊन ते स्वतःच शिकले. १९१४ साली तेच गणितज्ञ हार्डींकडे केंब्रिजला गेले, हे वडिलांना सांगायची गरज नाही.

आता पुस्तक उघडावे. क्ष २ कडे जाताना क्ष वर्गाची सीमा ४. सिद्धतेची पहिलीच ओळ: ‘१ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतली लहान संख्या डेल्टा म्हणून घ्या.’ हा ५ आला कुठून? पुस्तक गप्प. पुढे सगळे चोख जुळते, त्यामुळे भांडताही येत नाही.

५ सापडतो वर्गात, फळ्याच्या कोपऱ्यात. सर तिथे कच्चे काम करतात. क्ष वर्ग उणे ४ म्हणजे (क्ष उणे २) गुणिले (क्ष अधिक २). क्षला २ पासून १ च्या आत डांबले की तो ३ च्या पुढे जात नाही, म्हणून क्ष अधिक २ हे ५ च्या आत. सगळा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे. मग डस्टर फिरतो आणि मधोमध सुवाच्य अक्षरात सिद्धता येते. वर्ग ती इमानेइतबारे उतरवून घेतो, जी पुस्तकात आधीच छापलेली आहे.

तेव्हा तासाला बसायचेच तर कोपरा उतरवावा. मोबाइलवर फोटो काढू नये. फोटो निघतो सगळे लिहून झाल्यावर, तोवर ५ पुसलेला असतो. ‘समजलं’ असे वाटल्यास परतीच्या गाडीत वही मिटून सिद्धता पुन्हा मांडून पाहावी. कापूरहोळ यायच्या आत अडाल. इथे पुस्तक कामाचे. सरांना पंधरा मिनिटे एका ओळीवर थांबवता येत नाही, पुस्तक रात्रभर थांबते, लाइट असेल तर.

दुसऱ्या दिवशी हात वर करून विचारावे, ‘सर, पाचाऐवजी सहा चालेल?’ चालेल. ‘आणि चार?’ नाही चालणार. का नाही, ते चेलाडीला गाडीची वाट बघताना शोधावे.