दात काढायला काय झालं?

‘दात काढायला काय झालं?’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांतून हद्दपार झालं पाहिजे. भलत्या वेळी हसू फुटलेला माणूस कुणाचा अपमान करत नसतो. तो स्वतःच्याच शरीराशी झुंजत असतो आणि बहुतेकदा हरतो.

२८ मार्च २००८ची सकाळ. बीबीसी रेडिओ ४वर शार्लट ग्रीन आठच्या बातम्या वाचत होत्या. १८६० साली, एडिसनच्या फोनोग्राफच्या सतरा वर्षं आधी, एका फ्रेंच माणसानं काजळी धरलेल्या कागदावर गाण्याच्या लहरी उमटवल्या होत्या. त्यातून आवाज काढण्यात संशोधकांना नुकतंच यश आलं होतं, म्हणून तो तुकडा वाजवला गेला. ऐकू आलं ते नुसतं चिरकं गुणगुणणं. स्टुडिओत कुणीतरी म्हणालं, बाटलीत मधमाशी अडकल्यासारखं वाटतंय! आणि पुढचीच बातमी होती ‘जजमेंट ॲट न्यूरेम्बर्ग’चे ऑस्करविजेते पटकथाकार ॲबी मान यांच्या निधनाची. ग्रीनबाईंचा आवाज आधी थरथरला, मग चिरकला, मग शब्दच फुटेनात. मान यांच्याविषयी त्यांच्या मनात अनादर होता, असं कोण म्हणेल?

ओठ दाताखाली धरता येतात, मांडीला चिमटा काढता येतो. पण हसू छातीच्या स्नायूंतून उसळतं. शब्द ज्या श्वासावर निघतात, त्याच श्वासावर तेही निघतं. त्यात शेजारी कुणी असलं की संपलंच. अमेरिकी संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असं आढळलं की एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस तीसेक पटीनं जास्त हसतो.

आपल्याकडची शोकसभा आठवा. दोन मिनिटं मौन, माना खाली, आणि कुणाच्या तरी खिशात मोबाइल लावणी गाऊ लागतो. मागच्या रांगेतले खांदे हलतात, रुमाल तोंडावर जातात, नजरा चपलांवर खिळतात. त्यातलाच एखादा गेलेल्या माणसासाठी रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला असतो. त्याचं दुःख त्या हसण्यानं खोटं ठरत नाही. पण समज मिळते ती त्याला, किंवा शिपायाला. साहेबांना हसू आलं तर मात्र ते दिलखुलास! या भेदभावाची मला चीड येते.

हसण्यामागे कारण मात्र असतं, आणि ते दरडावून नव्हे, समजून घेण्यासाठी विचारायला हवं. सप्टेंबर २०१०मध्ये स्वित्झर्लंडचे अर्थमंत्री हान्स-रुडॉल्फ मेर्त्स संसदेत मसाला लावलेल्या मांसाच्या आयातीवरचं उत्तर वाचत होते. मजकूर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेला, जकातीच्या पोटकलमांनी खच्चून भरलेला. वाचता वाचता मंत्र्यांना हसू फुटलं, डोळ्यांत पाणी आलं, सभागृहही हसू लागलं. आपण जे वाचलं त्यातला काही भाग आपल्यालाच कळला नाही, हे त्यांनी तिथंच कबूल केलं. त्या भाषेवर इतका नेमका अभिप्राय कुठल्या समितीनं दिला नसता.

आपल्याकडे असली भाषा रोज फायलींतून फिरते, आणि रांगेत उभ्या माणसाला तिच्यातला एक शब्द कळत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. परिपत्रकावर सही करणाऱ्यानं ते आधी आपल्याच खात्यातल्या चारचौघांसमोर मोठ्यानं वाचावं. ऐकणाऱ्यांना हसू आवरेना, तर कागद परत घ्यावा आणि पुन्हा लिहावा.