उजव्या क्लिकची मीमांसा

पाळीपाळीने खेळायच्या युद्धखेळांत सैन्य हलवायचे ते माउसच्या डाव्या बटणाने की उजव्या, या प्रश्नाकडे विद्वानांचे दुर्लक्ष झाले आहे. ते झाले यात नवल नाही. विद्वानांना इतर कामे असतात. प्रस्तुत प्रबंधकाराला नाहीत.

आधी विषयाची निकड. या खेळांत घड्याळ धावत नाही. शत्रू दारात उभा असला, तरी तुम्ही चहा करून येईपर्यंत तो तिथेच उभा राहतो. म्हणजे घाईत चूक झाली ही सबब इथे चालत नाही. तरीही राज्ये बुडतात. आमचा सिद्धान्त असा की ती बुद्धीमुळे कमी आणि तर्जनीमुळे जास्त बुडतात.

संप्रदाय दोन. वाममार्गाचा प्रमाणग्रंथ म्हणजे ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ (१९९९). इथे डावी क्लिक केली की नकाशावर बाणांची वाट उमटते: आजच्या दिवसात जमेल तेवढी हिरवी, पुढची लाल. त्याच जागी पुन्हा क्लिक केली, तरच सरदार घोडा हाकतो. पहिली क्लिक संकल्पाची, दुसरी कृतीची. उजवे बटण निव्वळ ज्ञानासाठी. दाबून धरा, समोरच्या राक्षसांची माहिती दिसते. सोडा, नाहीशी होते. ही माहितीही मोठी शास्त्रशुद्ध: ‘पुष्कळ’ म्हणजे २० ते ४९, ‘झुंड’ म्हणजे ५० ते ९९. लग्नाला किती माणसे येणार, याचा अंदाज आपल्याकडे याहून ढोबळ असतो. लढाईत तर कर्सरचीच तलवार होते. शत्रूच्या षटकोनी घराच्या डाव्या कडेशी नेली तर आपला शिपाई डावीकडून येऊन वार करतो, उजव्या कडेशी नेली तर उजवीकडून. मनगट केसभर हलले की व्यूह बदलला.

दक्षिणमार्गाचा ग्रंथ ‘सिव्हिलायझेशन ५’ (२०१०). डाव्याने निवडा, उजव्याने पाठवा. उजवे बटण दाबून धरले की वाट दिसते. सोडले की फौज निघाली.

इथे वाचकाने थांबावे, कारण प्रबंधाचे मर्म इथेच आहे. दाबणे, धरणे, सोडणे ही क्रिया दोन्हीकडे एकच. एकीकडे तिचा अर्थ ‘जरा बघू’, दुसरीकडे ‘चला’. वर्षानुवर्षे वाममार्गात मुरलेला माणूस दक्षिणमार्गात आला, की शेजाऱ्याच्या किल्ल्यात कोण आहे हे कुतूहलाने बघायला जातो आणि बोट उचलतो. हद्द बंद असेल तर खेळ निदान विचारतो, युद्ध पुकारायचे का? तह मोडण्याआधी एवढी अदब इतिहासात सगळ्यांनीच दाखवलेली नाही. (जाता जाता: या खेळात चौकोनी घरे जाऊन षटकोनी आली आणि दिशा आठाच्या सहा झाल्या. नंबरपॅडवरचे ८ आणि २ तेव्हापासून बेकार आहेत.)

पूर्वपक्ष बुद्धिबळवाल्यांचा: हात लावलेले मोहरे हलवावेच लागते, चूक भोगा. उत्तर: बुद्धिबळाच्या पटाला वरचा मजला नसतो. ‘यूएफओ: एनिमी अननोन’मध्ये (१९९४) असतो. कर्सर चुकून वरच्या मजल्यावर राहिला, की दाराआड लपायला पाठवलेला जवान जिना चढू लागतो. त्याच्या वाट्याचा वेळ पावला-पावलाला खर्च होतो आणि एकदा खर्चलेला परत मिळत नाही. ही चूक विचाराची नाही. तिची शिक्षा विचार करणाऱ्याला का?

पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम सांगतो की लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितका नेम लवकर लागतो. पडद्याचा कोपरा तर चुकताच येत नाही, कारण कर्सर त्याच्या पलीकडे जात नाही. ‘पाळी संपवा’ हे बटण बहुधा उजव्या खालच्या कोपऱ्याशी बसवलेले असते. म्हणजे जे बटण दाबल्यावर माघार नाही, तेच सगळ्यांत सहज सापडणारे. ‘सिव्हिलायझेशन ५’ने यावर उतारा काढला: एखादी तुकडी हुकुमावाचून बसलेली असेल, तर त्या बटणावरची अक्षरेच बदलतात आणि ते आधी उरलेल्या कामाकडे नेते. इतका कर्तव्यदक्ष कारकून आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही.

आता निर्णय. डावे की उजवे हा वाद गौण आहे. चाल परत घेता येते का, हा मुख्य. ‘इनटू द ब्रीच’ (२०१८) बुद्धिबळाइतक्याच आठ बाय आठच्या पटावर चालतो. त्यात नुसती हालचाल मागे घेता येते, आणि दर लढाईत एकदा अख्खी पाळी पुसून पुन्हा मांडता येते. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ची रीत आम्हाला सर्वांत न्याय्य वाटते: चालीमुळे धुक्याआडचे काही नवे दिसले नसेल, तर चाल परत घ्या, दिसले असेल, तर नाही. हात चुकला तर माफी, चोरून पाहिले तर नाही. ज्या खेळात ही सोय नाही तो आमच्या मते अपूर्ण आहे, मग त्याची चित्रे कितीही देखणी असोत.

वेसनॉथ फुकट मिळतो. खंडन लिहू इच्छिणाऱ्यांनी आधी तो उतरवून घ्यावा.