सबबींचा दुष्काळ

शिडाच्या नौकांच्या शर्यतीत हरणाऱ्याची सोय तशी उत्तम आहे. लहानमोठ्या, जुन्यानव्या नौका एकत्र सोडल्या की प्रत्येकीला हँडिकॅप द्यावा लागतो. अमेरिकेतल्या पीएचआरएफ पद्धतीत तो सागरी मैलामागे अमुक इतके सेकंद, अशा हिशेबात असतो. म्हणजे शर्यत संपते पाण्यावर आणि निकाल लागतो कॅल्क्युलेटरवर. मागे राहिलेला तांडेल मग ताठ मानेनं सांगतो, की मी कुठे हरलो, मला हँडिकॅपच चुकीचा लावला. वन-डिझाइन शर्यतीचा पहिला घाव बसतो तो नेमका या वाक्यावर. सगळ्या नौका एकाच आराखड्याच्या, वजन तेच, शिडं तीच. जो आधी रेषा ओलांडेल तो पहिला. १८८७ साली डब्लिनच्या किनाऱ्यावर वॉटर वॅग नावाच्या छोट्या होड्या आल्या, त्या याच विचारानं. ज्याचा खिसा मोठा त्याची होडी दरवर्षी नवी आणि वेगवान, हा प्रकार कुठेतरी थांबायला हवा होता. या होड्यांच्या तळाला जड, कायमची कील नव्हती. कल्पनेला मात्र भरपूर वजन होतं. न्याय झाला. पण न्याय झाला की सबबी संपतात, आणि सबबी संपलेला माणूस पुढच्या शनिवारी घरी थांबतो, हे कोणी हिशेबात धरलं नाही.

गावात कीलबोटींचा ताफा उभा करायचा म्हटलं, की लोक आधी नौकांची काळजी करतात. ती फारशी करू नये. जे/२४ या कीलबोटीचंच पाहा. रॉड जॉन्स्टन यांनी कनेटिकट राज्यातल्या स्टोनिंग्टनला आपल्या गॅरेजात पहिली नौका बांधली. पुढे त्या आराखड्याच्या पाच हजारांहून जास्त नौका झाल्या. आराखडा गोठवलेला असल्यामुळे चाळीस वर्षांची नौका आजही नव्यांच्या रांगेत उभी राहते. तेव्हा सहा जणांना सहा जुन्या नौका घ्यायला लावणं म्हणजे गणपतीची वर्गणी गोळा करण्याइतकंच अवघड. चिकाटी लागते, प्रतिभा नाही. खरी परीक्षा दुसऱ्या हंगामात. पहिल्या वर्षी सहाही जण हौसेनं येतात. वर्षभर सहावा आलेला माणूस दुसऱ्या वर्षी विचारात पडतो. नौका तीच, वारा तोच, पाणीही सगळ्यांना सारखंच ओलं. मग उरलं कोण? हे उत्तर ज्याला एकट्याला बसून काढावं लागतं, तो नौका विकायला काढतो. म्हणून माझं म्हणणं असं, की फ्लीट कॅप्टनचं मुख्य काम शर्यती भरवणं हे नव्हेच. शेवटच्या नौकेला सबबींचा नियमित पुरवठा करणं हे आहे.

यावर जाणकार म्हणतील, की नौका कागदावरच सारख्या असतात, सबबींना कसला तोटा? कबूल. कोणाचा तळ गुळगुळीत, कोणाचा शेवाळलेला. कोणाचं शीड करकरीत, कोणाचं धुवून वाळत घातलेल्या चादरीसारखं. पण एका आराखड्याच्या नौकांचे नियम सांभाळणारी वर्गसंघटना सबबींच्या या जमातीला पुरून उरते. कीलचा आकार साच्याला लावून बघतात. जे/२४मध्ये चालकदलाच्या एकूण वजनाला ४०० किलोंची मर्यादा आहे, त्यामुळे मोठ्या स्पर्धेच्या आधी धट्टीकट्टी माणसं आषाढी एकादशी असल्यासारखी उपाशी हिंडतात. १९११ साली जन्मलेल्या स्टार वर्गाचं सूत्र तर गणिताच्या परीक्षेत घालावं असं आहे: तांडेलाचं वजन शंभरातून वजा करा, दीडनं भागा आणि त्यात शंभर मिळवा, जे येईल ती सोबत्याच्या किलोंची कमाल. तांडेल ८५ किलोंचा, तर सोबती ११० पर्यंत चालतो. तांडेल ७० वर उतरला, तर सोबत्याला १२० पर्यंत जेवायची मुभा. नवऱ्यानं पथ्य करायचं आणि त्याचा फायदा मेहुण्याला, असा हा एकमेव क्रीडाप्रकार असावा. इतकं सगळं मोजून झाल्यावर हरणाऱ्याच्या हाती उरतं काय? शेवाळ. ते खरवडायला एक सकाळ पुरते, आणि खरवडूनही तो सहावाच आला तर परिस्थिती आधीपेक्षा बिकट.

दुसरा आक्षेप जास्त करारी आहे: खेळ हा उत्तमांसाठी असतो, रडणाऱ्यांचे लाड का करायचे? लाड नव्हेत, हिशेब आहे. प्रचलित गुणपद्धतीत पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि ज्याचे गुण कमी तो वरचढ. मालिकेत नाव घालून जो फिरकतच नाही, त्याला नावनोंदणीच्या आकड्यापेक्षा एक जास्त. म्हणजे सहा जणांच्या मालिकेत कुढत शेवटचा येणाऱ्याला सहा आणि घरी पोहे खाणाऱ्याला सात. फरक एकाचा. या एका गुणासाठी कोण भिजत बसेल? आणि असे तिघे घरी बसले, की विजेत्याचा पराक्रम तीन मुलांच्या वर्गात पहिला येण्याएवढा उरतो. स्टारचा विश्वविजेता शिडावर सोनेरी तारा मिरवतो. तो पाहून हळहळायला मागे कोणीतरी हवंच ना?

पुरवठा करायचा तो पदार्थ काही दुर्मीळ नाही. विजेत्याला एका संध्याकाळी शेवटच्या नौकेवर बसवावं: ती नौका पुढे आली तर त्याच्यामुळे, मागे राहिली तर त्याच्यामुळे, दोन्ही बाजूंनी मालकाची सुटका. मधूनच नौकांची अदलाबदल करावी. शर्यती आखूड आणि जास्त ठेवाव्यात, म्हणजे चुकलेली सुरुवात तासभर उराशी बाळगावी लागत नाही. मुंबईत निसर्गच अर्धं काम करतो. गेटवेसमोर १८४६ पासूनच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या सीबर्ड कीलबोटी आहेत, पण पावसाळ्यात शर्यती बंद; त्या चार महिन्यांत मागच्या हंगामाचा निकाल सगळ्यांच्या स्मरणात सोयीस्करपणे भिजून फुगतो. कोरड्या बंदरांना ही सवलत नाही, तिथे कॅप्टनलाच राबावं लागतं. अमक्याला खलाशी मिळवून दे, तमक्याला शीड उसनं दे, तिसऱ्याच्या घरी फोन करून परवानगी काढ. या धावपळीत त्याची स्वतःची नौका पाचाऐवजी तिघांवर निघते, तीही सुरुवातीचा भोंगा वाजून गेल्यावर, आणि सगळ्यांत मागे. त्या संध्याकाळी अख्ख्या ताफ्यात खरी सबब फक्त त्याच्याकडे असते, आणि ती ऐकायला कोणी थांबलेलं नसतं, कारण सगळे जेवायला गेलेले असतात.