स्पिरिट म्हणू नका

मुंबईवर हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी ‘मुंबई स्पिरिट’ची बातमी येते आणि काही वर्षांनी चित्रपट येतो. मला दोन्हींचा राग येतो. दोन्हींत माणूस हरवतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. त्यातली पन्नासहून जास्त एकट्या सीएसटी स्टेशनवर, बरीचशी बोचकी-पिशव्या सांभाळत लांबच्या गाडीची वाट बघणारी. ‘हॉटेल मुंबई’ आणि ‘मेजर’ आपल्याला ताज हॉटेलमध्ये नेतात. पाहुण्यांसाठी जीव धोक्यात घालणारे तिथले कर्मचारी, तिथेच लढताना गेलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन, यांच्या गोष्टी सांगायलाच हव्यात. राम गोपाल वर्मांचा ‘द अटॅक्स ऑफ २६/११’ स्टेशनातही जातो, पण तिथला प्रवासी पडद्यावर येतो तो गोळी लागून पडण्यापुरता. तो कुठल्या गावाला निघाला होता, घरी निरोप कोणी दिला? कॅमेरा तोवर पुढे गेलेला असतो.

निशिकांत कामतांचा ‘मुंबई मेरी जान’ मात्र थांबतो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. कामतांना त्यानंतरचे दिवस दाखवायचे आहेत. आर. माधवनच्या नोकरदाराचे पाय लोकलमध्ये चढताना लटपटतात. सोहा अली खानची पत्रकार स्फोटात होणारा नवरा गमावते आणि तिचंच चॅनेल तिच्या दुःखाचा कार्यक्रम करतं. ते दृश्य बघताना मला बसवत नाही. बातम्यांच्या धंद्याकडे इतकं रोखून बघणारा हिंदी चित्रपट विरळा.

त्या स्फोटांच्या दुसऱ्या दिवशी लोक कामाला गेले, कारण खाडा पडला की पगार कापला जातो. भीती होतीच; ती पोटात धरूनच ते गाडीत चढले. त्याला स्पिरिट म्हणून टाळ्या वाजवल्या की स्टेशनवरच्या बंद पडलेल्या मेटल डिटेक्टरबद्दल कोणी विचारत नाही.

आणि धीर बघायचाच असेल तर स्फोटांच्याच संध्याकाळी रुळांकडे बघा. लगतच्या झोपड्यांतून माणसं धावली, घरातल्या चादरी घेऊन. त्यांच्याच झोळ्या करून जखमींना उचललं. पावसाळ्याची रात्र. चादरी रक्ताने भिजलेल्या. त्या घरांत त्या रात्री काय अंथरलं, काय पांघरलं? मला तो चित्रपट बघायचा आहे.