काकांचं बफरिंग

शेवटच्या षटकात पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलं की पोरं करवादतात आणि आमचे काका खुलतात. ‘राउटरला कुणी हात लावू नका!’ टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण लाइन कुठंही तुंबली तरी ती आपल्याच अखत्यारीत येते अशी त्यांची श्रद्धा आहे.

मग कथा सुरू होते. साल १९८६, महिना ऑक्टोबर. अमेरिकेतल्या बर्कलीची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात अंतर अवघं चारशे यार्ड. नेटवर गर्दी अशी झाली की सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग घसरून ४० बिटांवर आला. ‘चाळीस! चालत जाऊन चिठ्ठी देणं परवडलं असतं.’ तिथल्याच व्हॅन जेकबसन नावाच्या संशोधकानं १९८८मध्ये त्यावरचा उतारा छापला: वाट मोकळी दिसली तर एकेक पाऊल वाढवा, माहितीचं पॅकेट हरवलं की निमूट अर्ध्यावर या. हे सांगणारे काका स्वतः लिफ्टच्या दारात आतल्यांना बाहेर पडू न देता घुसतात, ही गोष्ट वेगळी.

२०२०च्या मार्चमध्ये, टाळेबंदीत नेट तुंबू नये म्हणून व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवरचं चित्र ४८० ओळींवर उतरवलं, तेव्हा काकांनी पेढे वाटले नाहीत ते केवळ दुकानं बंद होती म्हणून.

व्हिडिओ दाबून लहान कसा करतात, हेही त्यांना तोंडपाठ आहे. पूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवायचं. एरवी मागच्या चौकटीपेक्षा काय बदललं तेवढंच. हे तंत्र घरात आत्मसात केलंय ते काकूंनी. बहिणीला फोनवर सांगतात, ‘गुडघा तोच. सून आली.’ संपलं. काकांना मात्र ‘कसे आहात?’ विचारा, ते नेमणुकीच्या पत्रापासून सुरू करतात. प्रत्येक वाक्य पूर्ण चित्र!

मॅचचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा जाड, मध्यम, बारीक अशा प्रतींत तयार ठेवलेला असतो. लाइन मंदावली की प्लेअर बारीक प्रत मागवतो. चित्र धुरकट होतं, पण थांबत नाही. काकूही तसंच ऐकतात. आधी ‘अगंबाई, हो का?’, मग ‘हो का?’, शेवटी नुसतं ‘हं’. पस्तीस वर्षांत संसार एकदाही अडकलेला नाही.

परवा मात्र ‘हं’सुद्धा आलं नाही. काका प्रयोगशाळेतून निघून विद्यापीठाकडे वळले होते, तेवढ्यात समोरच्या विंगेतून आरोळी उठली. तिथं डिश आहे. आमच्या मोबाइलच्या मॅचपेक्षा तीस-चाळीस सेकंद पुढं. काकूंची खुर्ची रिकामी होती.

‘काय झालं गं?’ काका गॅलरीत जाऊन ओरडले.

समोरच्या गॅलरीतून काकूंचं उत्तर आलं, ‘जिंकलो.’

‘कसे?’

‘नंतर.’

काका परत आले, चक्राकडे बघितलं, चष्मा पुसला. ‘हां, तर अंतर अवघं चारशे यार्ड…’