व्याही, विहीण आणि वाटाण्याचं सूप

व्याह्यांबरोबर प्रवास करू नये असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. तसं लिहायची वेळ येईल असं शास्त्रकारांना वाटलंच नसावं. त्यांच्या काळी व्याही लग्नात भेटत, बारशाला भेटत आणि मधल्या काळात एकमेकांबद्दल बोलत. सिएटलला नोकरी करणाऱ्या आमच्या लेक-जावयांनी मात्र दोन्ही पक्षांना एकाच उन्हाळ्यात बोलावून घेतलं आणि घरात चार ज्येष्ठ नागरिक एकदम मावेनात म्हणून आठवडाभरासाठी अलास्काच्या बोटीवर चढवून दिलं. 'तेवढीच विश्रांती,' असं जावई म्हणाले. कुणाला, ते त्यांनी मोघम ठेवलं.

आमचे व्याही नागपूरचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. शाकाहारी, काटेकोर आणि मितभाषी. विहीणबाईही शाकाहारी आणि काटेकोर. आम्ही मालवणकडचे, सोमवार आणि संकष्टी सोडली तर आमच्या पानात समुद्र असतोच. लग्नात हा प्रश्न आला नव्हता, कारण तिथे दोन्ही पक्ष आपापल्या घरी जाऊन जेवायला मोकळे होते. इथे मात्र आठवडाभर रोज संध्याकाळी एकाच टेबलावर समोरासमोर बसायचं होतं.

समुद्रावर निघालेल्या माणसाला पहिली चिंता पोटाची असते, आणि ती उगाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातून अमेरिकेला निघालेले गरीब उतारू शिदोरी घरूनच बांधून आणत, आणि वारा पडला की ती अर्ध्या वाटेत संपे. पुढे हॅम्बुर्गच्या एका बोटकंपनीचा कारभारी आल्बर्ट बालिन याच्या लक्षात आलं, की हिवाळ्यात अटलांटिककडे कुणी फिरकत नाही आणि उभी बोट मात्र खर्च खातेच. १८९१ च्या जानेवारीत त्याने 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट निव्वळ सहलीसाठी भूमध्य समुद्रात धाडली. माणसं चढली तिथेच परत येणार, वाटेत कुणाला कसली घाई नाही. मग दिवसभर करायचं काय? जेवायचं. आजचा सगळा क्रूझचा धंदा त्या एका सोयीवर उभा आहे. आमच्या बोटीवर पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत कुठल्या ना कुठल्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी वाढत असे.

विहीणबाईंना हा इतिहास सांगून उपयोग झाला नसता. त्यांच्या बॅगेत चिवडा होता, शंकरपाळी होती, मेतकूट होतं आणि एक विजेची किटली होती. सिएटलच्या धक्क्यावर बॅगा यंत्रातून जाताना शंकरपाळी सुटली आणि किटली अडकली. केबिनमध्ये असल्या तापणाऱ्या वस्तू न्यायच्या नाहीत, हा बहुतेक क्रूझबोटींचा नियम. किटली, इस्त्री, शेगडी, सगळं बंद, कारण भर समुद्रात लागलेल्या आगीएवढी खलाशाला कशाचीच भीती वाटत नाही. तिथल्या माणसाने किटलीला चिठ्ठी बांधली, नंबर घातला, पावती दिली आणि उतरताना परत मिळेल असं अदबीने सांगितलं.

"हा माझी किटली घेऊन कुठे जाऊन राहिला?" विहीणबाईंनी विचारलं. व्याह्यांनी पावती वाचली, घडी घातली आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली. "नियम बरोबर आहे," ते म्हणाले. वीज मंडळात आयुष्य काढलेल्या माणसाला दुसऱ्या कुणीतरी जप्ती आणलेली पाहून समाधान वाटत असावं.

बुफेच्या दारात रोज दोन फिलिपिनो मुलं हात धुण्याचं गाणं म्हणत उभी असत. आत जाण्यापूर्वी बेसिनवर हात धुवायचे, साबणाने, अगदी मनगटापर्यंत. बंद बोटीवर हजारो माणसं एकाच चिमट्याने पाव उचलतात, त्यामुळे नोरोव्हायरस नावाचा पोट बिघडवणारा विषाणू शिरला की वाऱ्यासारखा पसरतो. सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. त्याला साबण-पाणीच लागतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे तपासनीस न कळवता बोटीवर येतात, भटारखाना उलटापालटा करतात आणि 100 पैकी गुण देतात. 85 किंवा त्याहून कमी मिळाले की बोट नापास, आणि गुणपत्रिका जगजाहीर. ही माहिती ऐकून विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाई जन्मभर हेच सांगत होत्या. त्यांना कुणी गुण दिले नाहीत."

व्याह्यांना मात्र काम सापडलं. ते हात धुऊन आत न जाता खांबाशी उभे राहत आणि कोण धुतो, कोण नुसतं गाणं ऐकून पुढे सरकतो, याची मनात नोंद ठेवत. मग टेबलाशी येऊन हळू आवाजात अहवाल देत, "लाल टोपीवाल्याने हात धुतले नाहीत. तो सॅलडकडे गेला आहे. आपण आज सॅलड घेऊ नये." पुढे त्या यादीत पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आले आणि आम्ही सूप सोडलं. हिरव्या स्वेटरच्या बाई रांगेतच द्राक्षं तोंडात टाकताना सापडल्या, तेव्हा फळंही गेली. या हिशेबाने आठवड्याअखेर आमच्यासाठी फक्त उकडलेली अंडी उरली असती, आणि ती व्याही खात नाहीत.

रात्रीचं जेवण मात्र मोठ्या दालनात, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर. आमच्या गोल टेबलावर आयोवातला एक निवृत्त मका-शेतकरी, त्याची बायको आणि एक ऑस्ट्रेलियन जोडपं होतं. क्रूझवर नेहमी येणाऱ्यांत नाव-गाव नंतर, आधी "तुमची ही कितवी?" जितक्या सफरी जास्त तितकं कंपनीचं कार्ड वरच्या दर्जाचं, सोनेरी, प्लॅटिनम, हिऱ्याचं. आयोवाच्या बाई हिरा होत्या. आम्ही चौघे साधे कागद. बाईंनी व्याह्यांना कितवी म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "पहिली. बायको म्हणते, शेवटचीही."

प्रत्येकासमोर काटे, सुऱ्या, चमचे अशी हत्यारं मांडलेली. बाहेरून आत वापरत जायचं, हे आम्हाला लेकीने फोनवर शिकवलं होतं. पावाची बशी आपल्या डावीकडची, हे शिकवायचं राहिलं. व्याह्यांनी उजवीकडची घेतली. ती माझी होती. व्याह्यांना 'ती माझी' म्हणणं माझ्या संस्कारांत बसत नव्हतं, म्हणून मी माझ्या उजवीकडची घेतली. ती शेतकऱ्याची. त्याने क्षणभर पाहिलं आणि समजूतदारपणे पुढची उचलली. चूक टेबलाला वळसा घालून हिरेवाल्या बाईंपर्यंत गेली. इतक्या सफरी केलेल्या बाईंना गोल टेबलावर बशीवाचून बसायची पाळी पहिल्यांदाच आली होती, पण त्यांनी लोणी सरळ पावावर फासलं आणि एक अक्षर काढलं नाही. याला मी खरे शिष्टाचार म्हणतो.

मग मेनूकार्ड. आमच्या बोटीवरच्या जेवणाची खुबी अशी होती, की कार्डावरचं काहीही आणि कितीही मागवा, जादा पैसे नाहीत. दोन सूप घ्या, तीन मुख्य पदार्थ घ्या. वेटर पहिल्यांदा माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "आधी आमचे व्याही." व्याही म्हणाले, "छे छे, मुलीकडचे आधी." मी म्हटलं, "असं कसं, मुलाकडच्यांचा मान." वेटर बाली बेटावरचा होता. तिथेही सोयरसंबंधांत मानपान असावेत, कारण तो वही हातात धरून पाठ भिंतीला टेकवल्यासारखा निवांत उभा राहिला. भुकेला शेतकरी शेवटी म्हणाला, "तुमची हरकत नसेल तर मीच सांगतो," आणि आमच्या मानपानाचा तिढा आयोवाने सोडवला. पुढे रोज आधी तोच सांगू लागला.

विहीणबाईंसाठी स्ट्रॉबेरीचं थंड सूप आलं. त्यांनी चमचाभर चाखून पाहिलं. "शिकरणात पाणी पडलंय," एवढाच अभिप्राय. त्यानंतर त्यांनी पावाचा चतकोर खाल्ला आणि पाणी प्यायल्या. आमच्या हिच्या चेहऱ्यावर ताण आला, कारण विहीण उपाशी उठली तर त्याची चर्चा नागपुरात होणार आणि दोष आमच्या पदरात येणार, बोट कुणाचीही असो.

तेवढ्यात हेडवेटर आला. छातीवरच्या बिल्ल्यावर देशाचं नाव भारत, आणि नाकाडोळ्यांवर सासष्टी. पी अँड ओ या ब्रिटिश बोटकंपनीच्या काळापासून गोव्याची माणसं जहाजांच्या भटारखान्यांत आणि जेवणघरांत आहेत. जगातल्या कुठल्याही मोठ्या बोटीवर बांगडा न दिसला तरी गोंयकार दिसतो. मी राहवेना म्हणून विचारलं, "बांगडो गावतलो काय?" त्याने चारी बाजूंना पाहिलं आणि हसून म्हणाला, "बांगडो ना सायबा, सॅमन आसा." मग विहीणबाईंकडे वळून त्याने खास गोव्याच्या मराठीत समजावलं, की आदल्या रात्री सांगून ठेवलं तर उद्या डाळ होईल, भाजी होईल, भात तर आहेच. "फोडणी?" विहीणबाईंनी विचारलं. "जिऱ्याची, आई, लसूण घालून." दुसऱ्या रात्रीपासून पांढऱ्या हातमोज्यांतून रुपेरी भांड्यात डाळ येऊ लागली. तिसऱ्या रात्री आयोवाच्या बाईंनी चमचाभर चाखायला मागितली. मग शेतकऱ्याने. इतक्या वर्षांत ही सोय आपल्याला कुणी सांगितलीच कशी नाही, म्हणून बाई कंपनीवर रागावल्या.

मधल्या एका रात्री सगळ्यांनी नटूनथटून जेवायला यायचं असतं. विहीणबाई पैठणीत आल्या. जिन्यावर उभ्या राहिल्या तर फोटोग्राफरच्या पुढची रांग मोडून लोक त्यांच्याकडे वळले. व्याही सुटात आले, आणि तो सूट मी ओळखला. लग्नात मानाचा म्हणून कापड मीच दिलं होतं. माझ्या अंगावर जो होता त्याचं कापड त्यांनी दिलं होतं. दोघांनी एकमेकांना वरून खाली पाहिलं. "शिलाई चांगली झाली," ते म्हणाले. "कापडच चांगलं होतं," मी म्हटलं. इतकी वर्षं मनात असलेल्या दोन शंका एका दमात मिटल्या.

त्याच रात्री कार्डावर किंग क्रॅब होता. अलास्कात येऊन कुर्ली खायची नाही, हे माझ्या पितरांना आवडलं नसतं. वीतभर लांबीच्या, काटेरी तांगड्या आल्या, सोबत अडकित्त्यासारखं एक हत्यार. घरी मी हे काम दातांनी करतो. इथे समोर शाकाहारी व्याही, शेजारी हिरा, आणि टेबलाखाली हिचा पाय माझ्या पायावर. मी हत्यार चालवू लागलो. तांगडी दर वेळी निसटून बशीत फिरे. व्याही बराच वेळ डाळ-भात कालवत बघत होते. शेवटी त्यांच्यातला इंजिनिअर शाकाहाऱ्यावर मात करून उठला. "दाबायची जागा चुकते आहे. सांध्यावर दाबा," म्हणत त्यांनी हत्यार घेतलं, तांगडीवर रुमाल टाकला, नजर तिसरीकडे ठेवली आणि कट्कन फोडली. मग दुसरी. सगळ्या फोडून त्यांनी रुमाल घडी करून बाजूला सारला आणि हात धुवायला गेले. मनगटापर्यंत.

बंदरं आली आणि गेली. केचिकनला वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो म्हणून गाइड कौतुकाने सांगत होता; आमच्या आंबोलीत त्याहून किती तरी जास्त पडतो आणि कुणी टी-शर्टवर छापत नाही. जुनोला बाहेरून मोटारीने जाता येत नाही, रस्ताच नाही. राज्याची राजधानी, आणि जायचं ते बोटीने नाहीतर विमानाने. व्याह्यांना हे राजधानीसाठी आदर्श वाटलं.

ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये शिरायचं त्या सकाळी काचेच्या लाउंजमधल्या खुर्च्यांवर पहाटेच स्वेटर, चष्म्याची घरं, विणकाम आणि अर्धवट पुस्तकं येऊन बसली होती. माणसं कुठे दिसत नव्हती. तासन्‌तास अशी जागा अडवू नये असा नियम आहे आणि तो कुणी पाळत नाही. मला पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी पणजीची बोट आठवली. तिथे डेकवर पथारी टाकली की जयगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत ती जागा वडिलार्जित. पण पथारीवर निदान एक म्हातारी बसवलेली असे. विहीणबाईंनी एका खुर्चीवरचं विणकाम उचललं, बसल्या, आणि मालकीण येईपर्यंत चार ओळी विणून ठेवल्या. परत आलेल्या जर्मन बाईंना काय बोलावं ते सुचेना, कारण टाके त्यांच्यापेक्षा सुबक होते.

मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली. पाण्यावर 250 फूट उंच निळसर बर्फाची भिंत. सगळी बोट डाव्या कठड्यावर लोटली. कोपरं, कॅमेरे, खांद्यावर मुलं. डच परंपरेच्या बोटींवर अशा वेळी डेकवर वाटाण्याचं गरम सूप वाटतात. व्याह्यांनी वेटरला विचारलं, तर आत डुकराचं मांस. त्यांनी पेला परत केला नाही. दोन्ही तळव्यांत धरून हात शेकत ते उजव्या बाजूला, रिकाम्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. "अहो, नदी इकडे आहे!" मी ओरडलो. "कप्तानाने बोट फिरवली नाही तर डावीकडच्या केबिनवाल्यांनी जास्त पैसे का दिले नाहीत?" त्यांनी विचारलं. काही मिनिटांत बोट जागच्या जागी वळली. गर्दी धापा टाकत या बाजूला येईपर्यंत बर्फाचा एक कडा गडगडून पाण्यात कोसळला होता, आणि तो व्याह्यांनी एकट्याने पाहिला. मग गार झालेलं सूप त्यांनी माझ्या हाती दिलं. "तुम्हाला चालतं," म्हणाले.

परतीच्या संध्याकाळी बोट कॅनडाच्या व्हिक्टोरियाला लागली, ऐन जेवणाच्या वेळी. परदेशी नोंदणीच्या बोटीने अमेरिकन बंदरातून निघून तिथेच परतायचं तर मध्ये एखादं परकं बंदर घ्यावंच लागतं, असा 1886 चा अमेरिकन कायदा आहे. विहीणबाई त्या कायद्यासाठी डाळ सोडून उठल्या नाहीत.

सिएटलला उतरताना जप्त वस्तूंच्या खिडकीपुढे लांब रांग होती. इस्त्र्यावाले, किटल्यावाले, एक गृहस्थ चक्क राइस कुकरवाले. व्याह्यांनी आतल्या कप्प्यातून पावती काढली. किटली आली. विहीणबाईंनी झाकण उघडलं. आत त्यांनी कोंबलेली कागदी पुडी जशीच्या तशी होती, पण तिलाही वेगळी चिठ्ठी आणि वेगळा नंबर मिळाला होता, आणि वर लिहिलं होतं, 'पावडर, अज्ञात.'

"अज्ञात कसली? सुंठ आहे," म्हणत त्यांनी पुडी उघडून त्या पोराच्या नाकाशी धरली. तो एकदा शिंकला, दोनदा शिंकला, मग थांबेचना. आठवडाभर हात धुण्याचं गाणं ऐकलेली सगळी रांग चार पावलं मागे सरली. कुणी रुमाल काढला, कुणी सॅनिटायझर. लाल टोपीवाला तर भिंतीला चिकटला. मोकळ्या झालेल्या वाटेने आम्ही चौघे, किटली पुढे धरून, सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो.